काचेवर किडे कसे चढतात आणि आमचं बॅरियर कोटिंग त्यांना कसं अडवतं

काचेच्या पेटीत ठेवलेले किडे भिंतीवर चढून बाहेर पडू नयेत म्हणून आतून या कोटिंगचा पट्टा लावतात. ते घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो की काच एवढी गुळगुळीत, मग मुंगी त्यावर सरळ चढते कशी? हे नीट समजलं की कोटिंग कुठे आणि कसं लावायचं ते आपोआप कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

लाकूड, भिंत, झाडाची साल अशा खडबडीत जागी किड्यांना नखं पुरतात. काचेवर नखं अडकायला काहीच नसतं, तिथे काम करते ती पायाच्या टोकाची गादी. मुंगी, मधमाशी, झुरळ यांची गादी मऊ, गुळगुळीत आणि दोन नखांच्या मधोमध असते, मुंगीची तर एरवी घडी करून ठेवलेली असते आणि पाय अंगाकडे ओढला की उलगडून बाहेर येते. माशी आणि बऱ्याच भुंग्यांच्या पायाला त्याऐवजी बारीक केस असतात. अमेरिकेत पामच्या पानांवर राहणारा एक छोटा निळा भुंगा आहे, त्याच्या सहा पायांना मिळून साधारण 60,000 केस, आणि मुंग्या अंगावर आल्या की तो पानाला असा घट्ट बसतो की स्वतःच्या वजनाच्या 60 पट ओढ दोन मिनिटं सहन करतो!

पण गादी असो वा केस, सोबत ओलावा लागतोच. दोन्हीवर एक पातळ द्रव असतो, बराचसा तेलकट, काही किड्यांमध्ये तेल आणि पाणी मिसळलेलं. काचेच्या खालून मायक्रोस्कोपने बघितलं तर किडा पुढे गेल्यावर मागे त्याचे ओले ठसे राहिलेले दिसतात. हा द्रव पृष्ठभागावरच्या बारीक खाचा भरतो, त्यामुळे पाय नीट टेकतो आणि धरून राहतो. विणकर मुंगी गुळगुळीत पृष्ठभागाला उलटी लटकून स्वतःच्या वजनाच्या 100 पटीहून जास्त वजन धरते. तरी हा गोंद नाही, गोंद असता तर पुढचं पाऊलच उचललं नसतं. पाय अंगाकडे ओढला की पकड बसते आणि उलट बाजूला ढकलला की गादी कडेकडून सुटत जाते, स्टिकर सोलतो तशी.

आता आमचं कोटिंग. यात पीटीएफई आहे, नॉन-स्टिक पॅनवर असतं तेच. वाळल्यावर त्याच्या अतिबारीक कणांचा थर राहतो, त्यावर ना पाणी नीट पसरत ना तेल, आणि वर कण सुटून किड्याच्या गादीलाच चिकटतात. मग किडा थांबून पाय साफ करतो, परत चढायला बघतो, परत घसरतो. घटपर्णी या किडे पकडणाऱ्या वनस्पतीच्या काही जातींत घटाच्या आतल्या भिंतीवर मेणाचा थर असतो, त्याचेही बारीक कण सुटून किड्यांच्या पायांना लागतात. टाल्कम पावडरनेही हेच होतं, फक्त उभ्या काचेवर ती टिकत नाही, झडते.

कोटिंगवर बोट फिरवलं तर पांढरं काहीतरी निघतं ते हेच कण, म्हणून वाळल्यावर अजिबात हात लावू नका, बोटाचं तेल बसलं की तेवढ्या जागेतून मुंग्यांना रस्ता मिळतो. काच आधी स्वच्छ पुसून कोरडी करा, थर पातळ आणि सलग द्या, ओघळ आला तर लगेच पुसून परत लावा. हवेत दमटपणा जास्त असला की असर कमी होतो, अशा दिवसांत पट्टा जरा रुंद ठेवा आणि अधूनमधून बघत राहा. पान, दोरी, धुळीची रेघ असं काही पट्ट्यावरून गेलं तर किडा त्याच्यावरूनच पलीकडे जाईल. आणि पंख असलेल्या किड्यांसाठी कोटिंग पुरणार नाही, त्यांना वरून जाळीचं झाकण लागेलच.