गाडीखाली डाग दिसला? आधी हे वाचा
जुन्या गाड्या वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

सकाळी गाडी काढली आणि मागे जमिनीवर ओला डाग राहिला की पोटात गोळा येतो. आमच्या चिपळूणच्या गॅरेजमध्ये मारुती 800, झेन, जुनी सँट्रो, इंडिका अशा पंधरा-वीस वर्षे जपलेल्या गाड्या बऱ्याच येतात. त्यांतल्या काहींची पॅकिंग आधीच दोनदा बदललेली असतात, तरी थेंब थांबलेला नसतो. बहुतेक वेळा थेंब जिथून पडतो तिथेच गळती आहे असे धरून काम झालेले असते.

तेल तसे वागत नाही. ते इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या, कडेने पाझरते, इंजिनाच्या अंगावरून उतरते, गाडी चालताना वाऱ्याने मागे सरकते आणि शेवटी चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, टोकाला येऊन टपकते. मग बिचारे चेंबर उघडले जाते. म्हणून आमच्याकडे गळतीची गाडी आली की आम्ही आधी इंजिन धुतो, वाळवतो, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारतो आणि दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून आणतो. पावडरीवर ओली रेघ उठते. ती जिथे सुरू होते, तिथे गळती. याला अर्धा दिवस जातो. पण त्याआधी पाना लावायला आमचे मन घेत नाही.

घरी तुम्ही एवढे करा. रात्री गाडी सपाट जागी लावा आणि खाली मोठा कोरा पुठ्ठा सरकवा. पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनाने आखा. सकाळी डाग कुठे आहे, केवढा आहे, याचा फोटो काढा आणि पुठ्ठाही घेऊन या. तोंडी वर्णनापेक्षा त्याचा आम्हाला फार उपयोग होतो.

रंगावर फार विसंबू नका. कूलंट हिरवे असते तसे लाल, गुलाबी, निळेही असते. पॉवर स्टिअरिंगचे तेल अनेक गाड्यांत लालसर असते, आणि जुने झाले की तपकिरी होते. बोटाला आणि नाकाला जास्त कळते. इंजिन ऑइल बुळबुळीत आणि काळपट. गिअर ऑइल जाड, त्याला गंधकासारखा उग्र वास, एकदा घेतला की विसरत नाही. कूलंटचा वास गोडसर. ते विषारी आहे आणि चवीला गोड लागते, त्यामुळे कुत्री-मांजरे चाटतात. डाग लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका. तरीही शंका राहिली तर टाकाऊ झाकणात पाणी घेऊन त्यात एक थेंब सोडा. तेल वर तरंगेल, कूलंट आणि ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातील.

स्वच्छ, बिनवासाचे पाणी डाव्या बाजूला पुढे पडत असेल आणि एसी चालू होता, तर काळजी नको. आपल्या दमट हवेत ते पडायलाच हवे. उलट ते पडेनासे झाले आणि डाव्या सीटपुढचा गालिचा ओला झाला, तर पाणी जाण्याची नळी तुंबली आहे.

दोन गळत्यांना मात्र थांबायचे नाही. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, बुळबुळीत ओल दिसली, किंवा ब्रेकचे पेडल खाली जाऊ लागले, तर गाडी जागेवरून हलवू नका. कुंभार्ली घाट तर सोडाच, गल्लीच्या टोकापर्यंतही नको. फोन करा, आम्ही येतो. आणि पेट्रोलचा वास आला तर चावी फिरवू नका, जवळपास काही पेटवू नका. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नव्हते, त्यामुळे कडक झालेले, चिरा पडलेले पाइप गळण्याची वाट न बघता बदलावेत असे आमचे मत आहे.

कूलंटच्या गळतीत रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते आणि तोंडावर उडते. आम्ही गार इंजिनाला हातपंपाने तेवढाच दाब देतो आणि काटा उतरतो का बघतो. वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक असते. तिथून थेंब येत असेल तर पंपाचे सील गेले, ते भोक बुजवू नका. वाटेत गळती बुजवायला कुणी रेडिएटरमध्ये हळद टाकून दिली असेल तर गॅरेजपर्यंत पोहोचायला ती चालते, पण आम्हाला सांगा. ती बारीक नळ्यांत बसते आणि पुढच्या घाटात गाडी तापते.

ऑइलच्या बाबतीत एक गोष्ट हमखास राहून जाते. इंजिनात साठणारी वाफ आणि वायू बाहेर काढणारा झडप-पाइप तुंबला की आतला दाब वाढतो आणि तेल प्रत्येक सीलमधून वाट शोधते. अशा वेळी नवे सीलही गळते. म्हणून आम्ही तो पाइप आधी साफ करतो. 2021 च्या जुलैतल्या पुरात बुडालेल्या गाड्यांत आणखी एक अडचण: शाफ्टवर, म्हणजे सीलमध्ये फिरणाऱ्या दांड्यावर, गंज धरून खड्डे पडले असतील तर नवे सीलही त्यावर टिकत नाही. गिअर ऑइल दुधासारखे झाले असेल तर त्यात पाणी शिरले आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल पडत असेल तर खर्च मोठा, कारण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सीलची किंमत थोडी, मजुरीच जास्त. त्याच वेळी क्लच प्लेट बघून घ्यावी, दुसऱ्यांदा उतरवायचे पैसे वाचतात. पण गळती थेंबभरच असेल, तर गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोडे थांबून दर आठवड्याला ऑइलची पट्टी बघत राहिलात तरी चालेल, हे आम्ही तुम्हाला स्पष्ट सांगू. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागेपर्यंत मात्र थांबू नका. तो दाब उतरल्यावर लागतो, तेव्हा इंजिनाला इजा सुरू झालेली असते.

काम झाल्यावर काढलेले सील, पॅकिंग आणि पाइप आम्ही पिशवीत घालून तुमच्या हातात देतो. दोन दिवसांनी पुन्हा पुठ्ठा ठेवा. कोरडा राहिला नाही तर तोच पुठ्ठा घेऊन या, तपासणीचे पैसे घेणार नाही.