मागच्या बाकावर वही घेऊन कुणी बसलंय, ती तपासणी की निरीक्षण?

आमच्याकडे वर्गात मागे कुणी वही घेऊन बसलं की सगळे त्याला तपासणीच म्हणतात. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, आले तरी तपासणी, शेजारच्या वर्गातले सर आले तरी तपासणी, आणि मग इंग्रजीचा नेमका तोच धडा काढला जातो जो मुलांचा आधीच पाठ झालाय. यात कुणाचा दोष काढत नाहीये, वर्षानुवर्षं मी पण तेच केलंय, फक्त तपासणी आणि निरीक्षण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि एकत्र केल्या की दोन्ही वाया जातात, म्हणून जरा नीट सांगते.

तपासणी म्हणजे टाचण वही (शिक्षकानं लिहून ठेवलेली पाठाची तयारी), हजेरी, अभ्यासक्रम कुठवर आला, चार मुलांना उभं करून वाचायला लावणं आणि शेवटी लॉगबुकात, म्हणजे शाळेच्या भेटीच्या नोंदवहीत, शेरा. प्रश्न येणाऱ्याचे असतात आणि उत्तरं वरच्या ऑफिसला जातात. हे लागतंच. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, ते गावोगावी खरंच शिकवलं जातंय का हे कुणीतरी जाऊन बघायलाच हवं.

निरीक्षणात मात्र प्रश्न शिकवणाऱ्याचा असतो, आणि उत्तरही त्याच्याकडेच राहतं.

उदाहरण सांगते. सहावीला शिकवणारे माझे एक सहकारी एकदा म्हणाले, मॅडम, माझ्या वर्गात मुलं इंग्रजीत उत्तरच देत नाहीत हो, तुम्ही एक तास बसा आणि मी प्रश्न विचारल्यावर किती थांबतो तेवढंच बघा. मी मोबाईलचं स्टॉपवॉच लावून बसले. फळ्यावरचं अक्षर, उच्चार, वर्गाची शिस्त यातलं काहीच लिहिलं नाही, फक्त प्रश्न आणि सेकंद. "व्हॉट डिड द फार्मर डू?" १ सेकंद, लगेच "शेतकऱ्यानं काय केलं रे?", परत १ सेकंद, आणि मग उत्तर पण सरांचंच. पानभर तेच. तास संपल्यावर कागद त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, पोरं बोलणार कधी, मी त्यांना वेळच देत नाहीये. हेच वाक्य मी फीडबॅक म्हणून बोलले असते तर त्यांनी मान डोलावली असती आणि दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखंच चाललं असतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि हे काही फक्त आपल्याकडे होतं असं नाही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी तिथल्या प्राथमिक शाळांतले विज्ञानाचे तास टेप करून ऐकले, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी साधारण एकच सेकंद थांबत होते. १९७४ मध्ये त्यांनी हे मांडलं, आणि ही वेळ ३ सेकंदांच्या पुढे नेली की उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात हेही दाखवलं. आपल्या मुलाला तर आधी इंग्रजी प्रश्न कळायचा, मग मराठीत विचार करायचा, मग त्याचं परत इंग्रजी जुळवायचं, त्याला एका सेकंदात कसं जमेल सांगा.

लिहिण्यातही तपासणी आणि निरीक्षणात फरक पडतो. "मुलं कंटाळली होती" हा शेरा झाला. "खिडकीकडच्या तीन मुली वहीच्या कडेला फुलं काढत होत्या" ही नोंद झाली. शेऱ्यावर वाद होतो, नोंदीवर विचार होतो. निरीक्षणाला बसणाऱ्यानं छान, कमी, चांगलं, सुधारणा आवश्यक असले शब्द कागदावर येऊच द्यायचे नाहीत, आणि हे दिसतं त्यापेक्षा खूप अवघड आहे, मला अजून पूर्ण जमत नाही. सोपा मार्ग म्हणजे बसण्याच्या जागांचा नकाशा काढायचा आणि जो मुलगा बोलेल त्याच्या चौकटीत एक रेघ मारायची. तास संपला की नकाशाच बोलतो, पुढच्या दोन ओळीत रेघाच रेघा आणि मागं कोरं.

नंतरच्या गप्पांत पहिल्यांदा बोलायचं ते शिकवणाऱ्यानं. "मी असते तर असं केलं असतं" हे वाक्य आलं की निरीक्षण संपलं आणि तपासणी सुरू झाली. ज्युलियन एज या इंग्रजी अध्यापनाच्या अभ्यासकांनी १९९२ मध्ये शिक्षकांसाठी जी पद्धत मांडली त्यात तर ऐकणाऱ्यानं आपली मतं बाजूलाच ठेवायची असतात, समोरच्याला स्वतःचा विचार नीट मांडता यावा एवढंच बघायचं.

घोटाळा नेमका होतो तो फॉर्मपायी. निरीक्षणाच्या कागदावर कुणीतरी १ ते ५ गुणांचे रकाने छापतं, खाली सही-शिक्का येतो, आणि मग शिक्षक परत पाठ झालेल्या धड्याकडे वळतात. केंद्रप्रमुखांना निरीक्षण करता येत नाही असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी लॉगबुक कपाटात राहिलं पाहिजे, एकाच भेटीत दोन्ही होत नाही.

आता द्विशिक्षकी शाळांचा प्रश्न, तिथं दुसऱ्या सरांना आपला वर्ग सोडून येताच येत नाही. तिथं मोबाईल मागं ठेवून दहा मिनिटांचा फक्त आवाज रेकॉर्ड करा, मुलांचा व्हिडिओ नको. त्यातली तीनच मिनिटं शब्दन् शब्द वहीत उतरवून काढा, वेळ जातो पण जाऊ द्या. मी उतरवलं तेव्हा दिसलं की बरोबर उत्तराला पण मी "व्हेरी गुड" म्हणतेय आणि चुकीच्या उत्तराला पण, त्यामुळं कुठलं बरोबर हे मुलांना कळायला मार्गच नव्हता. मग पुढचा आठवडाभर उत्तर आलं की मी ते फळ्यावर लिहायला लागले आणि वर्गालाच विचारायला लागले, बरोबर आहे का रे?