बेंबीला काळं दिसलं तर फोटो पाठवा, ओढू नका

गावरान असो, कावेरी असो की कडकनाथ, आमच्या उबवणी केंद्रातून कोंबडीची पिल्लं नेली की दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअॅपवर उताण्या पिल्लाचा फोटो येतो आणि खाली, "दादा पोटाला गाठ आहे, कसलं पिल्लू दिलं?" अहो, बहुतेक वेळा ती गाठ नसतेच, बेंबी असते. अंड्यात उरलेला बलक उबवणीच्या १९-२० व्या दिवशी पिल्लाच्या पोटात ओढला जातो, मग भोक मिटतं आणि वर बारीक खपली धरते. त्याच बलकावर पिल्लू पहिले दोन-तीन दिवस काढतं.

आता ज्याच्यासाठी हा कागद छापला ते. खपली किंवा वाळलेला दोरा दिसला की लोक नखाने काढतात, घाण आहे म्हणून. तो दोरा आतल्या बलकाच्या पिशवीला धरून असतो, ओढला की बेंबी परत उघडते, खाली अंथरलेल्या भाताच्या तुसातली घाण आत जाते आणि जंतूंना बलकासारखं दुसरं खाणं नाही. मग पोट फुगतं, ओलं निळसर होतं, वास मारतं. एका गिऱ्हाइकाने बारा पिल्लांचे दोरे हौसेने साफ केले, तिसऱ्या दिवसापर्यंत सात गेली आणि बोलणी आम्ही खाल्ली. दोरा आपोआप गळतो, फक्त बाकीची पिल्लं त्याला टोचायला लागली तर ते पिल्लू वेगळं ठेवा, बेंबीला कापसाने पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक औषध) टेकवा, तूस कोरडं ठेवा. पोट फुगलेलं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, मनाने पाण्यात अँटिबायोटिक टाकू नका.

आमची चूक कधीच नसते असं नाही. अंडी उबवायचं मशीन थोडं जरी जास्त तापलं तरी बेंबी नीट मिटत नाही, तिच्यावर बटणासारखी मोठी काळी खपली राहते, तिला आम्ही बटण म्हणतो. लाईट गेली की अंडी गार पडतात असं लोकांना वाटतं, पण १८ दिवसांच्या पुढची भरलेली मशीन पंखा बंद पडला की उलट तापते, कारण आतली पिल्लंच उष्णता सोडतात. म्हणून जनरेटर घेतला, आणि प्रत्येक पिल्लू उलटं करून पोटावरची लव फुंकून बघतो, मोठं बटण किंवा लाल ओली बेंबी असली तर विकत नाही. त्याला वेळ लागतो. २१ व्या दिवशी पहाटेच गाडी लावून हॉर्न वाजवू नका, संध्याकाळी या, पिल्लं वाळलेली मिळतील.

स्वतःची अंडी उबवायला आणणाऱ्यांनी ती ओल्या फडक्याने पुसून आणू नयेत, घाण छिद्रांतून आत मुरते. विष्ठा लागलेली अंडी आम्ही घेतच नाही, राग मानू नका. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीजवळ ३३-३४ अंश ऊब लागते, त्याचा बल्ब, थर्मामीटर आणि आयोडीनची छोटी बाटली आमच्याकडे मिळते, पन्नासच्या वर पिल्लं घेतली तर बाटली आमच्याकडून.

बेंबी खराब निघाली तर २४ तासांत फोटो पाठवा, पिल्लू बदलून देतो. पण फोटोत खपली शाबूत दिसली पाहिजे.