काळ्या सायकलीची सीट एवढी रुंद का, आणि बदलताना काय बघायचं

सोलापुरात सध्या बऱ्याच घरांतून आजोबांची काळी सायकल जिन्याखालून बाहेर निघतेय. टायर-ट्यूब नवीन टाकतात, ब्रेकचे रबर बदलतात, चेनला तेल पाजतात आणि शेवटी गाडी अडते ती सीटवर. जुन्या सीटचं रेक्झिन उन्हाने तडकलेलं, आतल्या फोमचा पिवळा भुगा झालेला. मग दुकानात जायचं, भिंतीवर लटकवलेल्या सीटा बोटाने दाबून बघायच्या आणि सगळ्यात मऊ लागेल ती जेलवाली घेऊन यायची, असंच जवळपास सगळे करतात. पहिले दोन दिवस लई भारी वाटतं, मग सात रस्त्यापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत जाऊन आलं की मांड्या घासलेल्या, मधला भाग बधिर, आणि घरी येऊन शिव्या कुणाला तर सायकलीला. सायकलीचं काही चुकलेलं नसतंय. ती सायकल ज्या बसण्यासाठी बनवली त्या बसण्याची ती सीटच नाही, आणि हे नीट कळायला थोडं मागं जावं लागतंय.

अगदी सुरुवातीला, म्हणजे १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल फॉन ड्राइसने जी पायाने ढकलायची दोन चाकी गाडी काढली तिलाही गादी होती. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायडल लागलं, पण चाकं लाकडाची, त्यावर लोखंडी धाव, आणि रस्ते दगडी, त्यामुळं सीट एका लांब लोखंडी पट्टीच्या स्प्रिंगवर ठेवायचे. तरी इंग्रजांनी त्या सायकलीला 'हाडं खिळखिळी करणारी' असंच नाव ठेवलं होतं, यावरून काय ते समजा. नंतर आली पुढचं चाक माणसाएवढं असलेली उंच सायकल, तिच्यात सीटला जागाच नव्हती, एक चिमुकला चामड्याचा तुकडा आणि खाली उडी मारायची तयारी.

मग येतो बर्मिंगहॅमचा जॉन बोल्टबी ब्रुक्स. याचा धंदा घोड्यांसाठीच्या चामडी सामानाचा, १८६६ पासूनचा. ब्रुक्स कंपनी स्वतः सांगते ती गोष्ट अशी की १८७८ मध्ये त्याचा घोडा मेला, दुसरा घ्यायला परवडेना म्हणून त्याने उसनी सायकल घेतली, आणि तिच्या सीटने त्याचे इतके हाल केले की त्याने स्वतःच सीट बनवायला घेतली. गोष्टीत थोडं मीठमसाला असेलही, पण १८८२ चं त्याचं सीटचं पेटंट खरं आहे. त्याची युक्ती साधी होती. जाड चामडं पुढं नाकाशी, म्हणजे सीटच्या निमुळत्या टोकाशी, आणि मागं लोखंडी कमानीला रिव्हेट मारून ताणून बसवायचं, खाली काही आधार द्यायचा नाही. बाजेची नवार जशी बसणाऱ्याच्या अंगाप्रमाणं खोलगट होते तसं ते चामडं हळूहळू बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणं बसतं. नाकाखाली एक बोल्ट असतो, चामडं फारच सैल पडलं की तो थोडा आवळायचा. थोडाच, पाव आटा वगैरे. लोकं एकदम दोन आटे फिरवतात आणि रिव्हेटजवळ चामडं फाटतं.

१८८५ ला जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली, दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि चेन मागच्या चाकाला, म्हणजे आपण आज सायकल म्हणतो तीच. १८८८ ला डनलॉपचं हवेचं टायर आलं. इथं सीटच्या इतिहासाला खरं वळण लागतंय, कारण आता रस्त्याचे बारीक धक्के टायर खायला लागलं आणि सीटला दुसरं काम करायला मोकळीक मिळाली. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलीचं वेडच लागलं होतं, बायका सायकल चालवायला लागल्या, आणि डॉक्टर लोकांनी सीटवरून केवढा गदारोळ केला! मधून दुभंगलेल्या सीटा, दोन वेगळ्या गाद्यांच्या सीटा, हवा भरायच्या सीटा, सगळं तेव्हाच येऊन गेलंय. आज मधे खाच असलेली सीट 'नवीन टेक्नॉलॉजी' म्हणून विकतात ना, ती कल्पना शंभर वर्षांच्या वरची आहे.

याच सुमाराला सीटचे दोन रस्ते फुटले. एक रस्ता वाकून चालवणाऱ्यांचा. पाठ पुढं, हात खाली, वजन हातापायांवर वाटलेलं, मग सीट अरुंद, बिनस्प्रिंगची. ब्रुक्सची बी१७ याच घराण्यातली, १८९० च्या दशकाअखेरची, अजून विकतात, रुंदी साधारण साडेसतरा सेंटीमीटर. दुसरा रस्ता ताठ बसणाऱ्यांचा, म्हणजे पोस्टमन, पोलीस, पाद्री, कारखान्याचा कामगार. त्यांची सायकल म्हणजे इंग्लिश रोडस्टर, उंच हँडल, सळईचे ब्रेक, अठ्ठावीस इंची चाकं, आणि सीटची नळी मागं कललेली, जमिनीशी ६८ अंशांच्या आसपास, रेसच्या सायकलीत हाच कोन ७३ च्या जवळ असतो. अशा सायकलीवर माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो आणि जवळजवळ सगळं वजन बुडावर येतं. म्हणून तिची सीट रुंद, वीस-एकवीस सेंटीमीटरची, आणि मागं दोन जाड गुंडाळी स्प्रिंगा.

आपली काळी सायकल ही सरळ याच दुसऱ्या घराण्यातली. स्वातंत्र्याआधी रॅले, हर्क्युलस, बीएसए, फिलिप्स, हंबर अशा सायकली इंग्लंडहून यायच्या. नंतर मद्रासला १९४९ मध्ये टीआय सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस, लुधियान्याला १९५६ मध्ये हिरो असे आपले कारखाने उभे राहिले, पण सायकलीचा ढाचा कुणी बदलला नाही. बावीस इंची नाहीतर चोवीस इंची फ्रेम, सळईचे ब्रेक, ताठ बैठक. १९८६ ला हिरोचं नाव जगातली सगळ्यात मोठी सायकल कंपनी म्हणून गिनीज बुकात गेलं तेव्हाही आपल्याकडं रस्त्यावर याच काळ्या सायकली जास्त. इंग्लंडमध्ये रोडस्टर मागं पडली पण आपण आणि डच लोकांनी ती सोडली नाही. डच लोकांनी सपाट देश म्हणून, आपण पोतं लादायला.

सोलापूरला तर ही सायकल फिट बसली होती. १८७७ ची जुनी मिल, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, भोंगा झाला की पाळीला निघालेल्या कामगारांच्या सायकली. पूर्व भागात यंत्रमागवाले, कॅरिअरला सुताचे गठ्ठे नाहीतर चादरींचे बंडल, पुढं दुधाच्या किटल्या, नळीवर पोरगं. एवढा लोड घेऊन माणूस वाकून चालवूच शकत नाही, ताठच बसणार, आणि खड्ड्यातून जाताना उभं राहून सीट सोडणंही जमत नाही कारण मागं ओझं डुलतं. म्हणजे स्प्रिंगची सीट ही चैन नव्हती, तिच्याशिवाय कंबर गेली असती.

चामडं मात्र आपल्याकडं हळूहळू गेलं. चामड्याच्या सीटला जपावं लागतं, पावसात भिजली आणि त्यावरच बसलं की ती झोळी होते, आणि सोलापूरच्या मे महिन्यात, पारा ४३-४४ ला, बिनतेलाची उन्हात ठेवली तर कडक होऊन चिरते. शिवाय महाग. मग आली रेक्झिनची सीट. ही जुनी रेक्झिनची सीट एकदा काढून उलटी करून बघाच. वर रेक्झिन, त्याखाली फोम नाहीतर काथ्या-नमद्याचा थर, आणि त्याखाली पुढून मागं ताणलेल्या बारीक स्प्रिंगांची ओळ, मागं दोन मोठ्या उभ्या स्प्रिंगा, नाकाशी एक वाकवलेली तार. म्हणजे चामड्याचं ताणण्याचं काम त्या बारीक स्प्रिंगांना दिलंय, कल्पना तीच. यातली एखादी स्प्रिंग हुकातून निसटली की सीट एका बाजूला बसते, आणि मग माणूस महिनोन्महिने वाकडा बसून चालवतो आणि कंबरेला बाम चोळतो. कधी कधी नुसती ती स्प्रिंग परत हुकात अडकवून, नवीन फोम आणि कव्हर घालून जुनीच सीट झकास होते. लोखंड जाड आहे, गंज वरवरचा आहे, तर फेकायची घाई नको. पेठेतला एखादा जुना मिस्त्री किंवा गाड्यांच्या सीटा शिवणारा हे काम करून देतो.

दरम्यान पहिल्या रस्त्यावर, रेसच्या सायकलीत, १९६० च्या दशकात इटलीत प्लास्टिकच्या सांगाड्याच्या सीटा आल्या, हलक्या आणि पावसाला न घाबरणाऱ्या. त्यावर आधी पातळ फोम, पुढं जेल आलं. आज दुकानात भिंतीवर ज्या दिसतात त्या बहुतेक याच वंशातल्या, पोरांच्या गिअरवाल्या सायकलींसाठीच्या. आणि इथंच आपली फसगत होते. बसल्यावर वजन दोन हाडांवर यायला पाहिजे, बुडाखाली हात घातला तर लागतात ती दोन टोकं. ताठ बसलं की त्या हाडांची मागची, एकमेकांपासून लांब असलेली बाजू टेकते, पुढं वाकलं की पुढची जवळजवळची बाजू. आता ताठ बसणारा माणूस अरुंद सीटवर बसला तर हाडं कडेवर किंवा कडेच्या बाहेर, आणि सगळं वजन मधल्या मऊ भागावर, जिथं नसा आणि रक्तवाहिन्या आहेत. त्यात जेल जास्त मऊ असेल तर हाडं आत रुततात आणि जेल मधे वर येऊन तिथंच दाबतं. म्हणून मऊ सीटवर माणूस जास्त बधिर होतो. अमेरिकेत सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांवर याचा नीट अभ्यास झालाय, २००८ मध्ये छापून आला, नाक नसलेल्या सीटवर सहा महिने चालवल्यावर त्यांचा बधिरपणा बराच कमी झाला. आपल्याला काळ्या सायकलीला लगेच बिननाकाची सीट लावायची गरज नाही, वळताना मांडीला नाकाचा आधार लागतो, पण दाब कुठं पडतोय हे त्यावरून कळतं.

तर सीट घ्यायला जाण्याआधी घरीच माप काढा. खोक्याचा नालीदार पुठ्ठा पायरीवर ठेवायचा, त्यावर पातळ कपड्यांत ताठ बसायचं, पाय थोडे वर घ्यायचे, उठल्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. माणसामाणसात बराच फरक असतो, दहा ते पंधरा सेंटीमीटरच्या दरम्यान बहुतेकांचं येतं, बायकांचं सहसा जास्त. ताठ बैठकीसाठी त्यात चार-पाच सेंटीमीटर तरी वाढवा, त्याहून अरुंद सीट काळ्या सायकलीला घेऊच नका, दुकानदार काही म्हणू दे. स्प्रिंग पाहिजेच. फोम घट्ट पाहिजे, अंगठ्याने जोरात दाबल्यावर खालचं प्लास्टिक लागलं तर ती सीट ठेवून द्या. आणि कव्हर चकचकीत काळं असेल तर दुपारी दोनला बाहेर लावलेल्या सायकलवर बसून बघायची हिंमत आहे का तेवढं स्वतःला विचारा.

चामड्याचीच हौस असेल तर ब्रुक्सची बी६७ या बैठकीला बरोबर, एकवीस सेंटीमीटर रुंद, पण किंमत ऐकून घरचे विचारतील की सायकल घेतली का सीट. तिची जुनी बहीण बी६६, तिला खाली चार तारा असतात आणि क्लिप, म्हणजे सीटला नळीवर पकडून ठेवणारा भाग, वेगळी लागते, ऑनलाइन जुनी घेताना क्लिप सोबत आहे का ते बघूनच पैसे द्या. चामड्याला कंपनीचं मेणासारखं मलम लावायचं, खोबरेल चोपडू नका, जास्त तेलाने चामडं मऊ पडून ताण जातो.

आता क्लिप, कारण अर्धी भांडणं तिथंच होतात. काळ्या सायकलीत सीट पिलर म्हणजे साधी नळी, वरचं टोक बारीक, बहुतेक वेळा पाऊण इंचाहून थोडं जाड, २२.२ मिलिमीटर, आणि त्यावर वेगळी क्लिप बसते. नवीन सायकलींत क्लिप पिलरलाच जोडलेली असते, म्हणून नव्या सीटबरोबर क्लिप मिळेलच असं नाही. जुनी क्लिप उलटी करून तिचे दाते बघा, घासून गुळगुळीत झाले असतील तर नट कितीही आवळा, खड्ड्यात गेल्यावर सीटचं नाक वर होणारच. नवी क्लिप घ्या, सीटच्या मानाने किरकोळ पैशात येते. क्लिप पिलरच्या मागच्या बाजूला बसवायची की पुढच्या, दोन्ही जमतं. हँडल लांब वाटत असेल तर पुढं फिरवा. पिलर बाहेर ओढून उंची वाढवताना अडीच इंच तरी फ्रेमच्या आत राहिलं पाहिजे. आणि तो गंजून अडकला असेल तर हातोडा नंतर, आधी रात्रभर तेल सोडा.

बसवताना सीट सपाट ठेवा, पाणसळ नसेल तर वर एक पट्टी ठेवून डोळ्याने बघा. नाक खाली केलं की माणूस पुढं घसरतो आणि हाताला रग लागते, वर केलं की मगाशी सांगितलेला दाब. उंची अशी की पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, पण आजोबांसाठी असेल तर थोडी कमीच ठेवा, सिग्नलला पाय टेकला पाहिजे. आठवडाभर चालवली की क्लिपचे दोन्ही नट परत एकदा आवळा, तारा क्लिपच्या खाचेत बसत जातात तसे ते ढिले पडतात.