बीपी उतरवल्याने कान जातो?

‘कानाच्या ऑपरेशनमध्ये बीपी मुद्दाम उतरवतात, मग आतल्या कानाला रक्त मिळत नाही आणि ऐकू येणं कायमचं जातं,’ हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. भीती अगदीच निराधार नाही. शंखिकेला, म्हणजे आतल्या कानातल्या ऐकण्याच्या गोगलगायीसारख्या भागाला, रक्त पुरवणारी धमनी एकुलती एक, तिला पर्यायी वाट जवळपास नाही.

पण दाब थोडा उतरला म्हणून प्रवाह त्याच प्रमाणात घटत नाही. दाब कमी झाला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या स्वतःहून रुंदावतात आणि प्रवाह बराचसा टिकून राहतो. अर्थात या सोयीला खालची मर्यादा आहे.

‘बीपी ६० पर्यंत खाली आणलं’ ऐकून लोक हबकतात, कारण मनात वरचा आकडा, १२०, असतो. पण हे ६० सरासरी दाबाचे असतात. १२०/८० ची सरासरी साधारण ९३ येते. उतरवायचं कशासाठी? मधल्या कानातलं रिकिबीचं हाड (स्टेप्स) जेमतेम ३ मिलिमीटरचं. मायक्रोस्कोपखाली रक्ताचा एक थेंबही ते झाकून टाकतो, आणि न दिसता हत्यार चालवणं कानाला जास्त महागात पडतं. फिरता ड्रिल मधल्या कानातल्या छोट्या हाडांच्या साखळीला लागला, तर तो हादरा थेट आतल्या कानात जातो.

खरी सावधगिरी वेगळीच. डोकं उंच ठेवलेलं असेल, तर दंडावर मोजलेल्या दाबापेक्षा कानापाशी तो कमी असतो: दर १० सेंटिमीटरला ७-८ ने. जुना रक्तदाब किंवा मानेतल्या धमन्या अरुंद असलेल्यांचा दाब भूलतज्ज्ञ सहसा इतका उतरवतच नाहीत.