तासभर तोच ठोका? डान्स म्युझिकच्या अल्बममागची गोष्ट

आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस नाहीच, डीजे म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीतली ती स्पीकरची भिंत, जी गल्लीत शिरली की खिडकीच्या काचा आणि आपल्या बरगड्या एकदमच थरथरायला लागतात. इलेक्ट्रॉनिक म्युझिकची माझी ओळख बरीच वर्षं एवढीच होती. त्यामुळे कोणी 'अरे हा अख्खा अल्बम ऐक' म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं, तासभर तोच धप धप काय ऐकायचा! आता वाटतं तक्रार खोटी नव्हती, कारण हे संगीत मुळात अल्बमसाठी बनलंच नव्हतं.

सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या डिस्को क्लबांत गाणी वाजायची ७ इंची तबकडीवर, तीन-चार मिनिटांत खलास, लोक रंगात येईपर्यंत गाणं संपलेलं. गाण्यांचं मिक्सिंग करणारा टॉम मोल्टन ती गाणी लांबवायचा. किस्सा असा सांगतात की एकदा स्टुडिओतल्या ७ इंची कोऱ्या तबकड्या संपल्या, म्हणून टेस्ट कॉपी मोठ्या तबकडीवर कापली, खाचा ऐसपैस पसरल्या आणि आवाज आला तो एकदम दणदणीत. खाचेला जागा मिळाली की बेस मावतो, साधं गणित. १९७६ मध्ये साल्सोल कंपनीने डबल एक्स्पोजर या ग्रुपचं 'टेन पर्सेंट' हे गाणं १२ इंचीवर दुकानात आणलं, आणि मग शिकागोचं हाउस काय, डेट्रॉइटचं टेक्नो काय, नाचायचं हे सगळं संगीत त्याच तबकडीवर वाढलं. ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी नुसता ठेका असतो ना, तो डीजेला, म्हणजे रेकॉर्ड वाजवणाऱ्या माणसाला, एक रेकॉर्ड दुसरीत मिसळता यावी म्हणून. म्हणजे घरी बसून आपण ज्याला कंटाळतो ते बहुतेक वेळा दोन डब्यांमधलं कपलिंग असतं! असले आठ-दहा ट्रॅक एलपीत कोंबले की खाचा अरुंद, बेस गेलेला, आणि अल्बम म्हणून धड काहीच नाही.

खुर्चीत बसून ऐकणाऱ्याचा विचार नीट झाला तो १९९२ मध्ये, शेफील्डच्या वॉर्प कंपनीने 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' नावाचं संकलन काढलं तेव्हा. कव्हरवर एक रोबो आरामखुर्चीत रेलून बसलाय आणि जमिनीवर पिंक फ्लॉइड आणि क्राफ्टवर्कच्या तबकड्या पडल्यात. नाचू नका, बसा आणि ऐका, एवढं सरळ सांगणं. त्याच वर्षी एफेक्स ट्विन या संगीतकाराचा पहिला अल्बम आला, मग ऑर्बिटल, अंडरवर्ल्ड, लेफ्टफील्ड यांच्या अल्बमची रांगच लागली. माझ्यासारख्या शंकेखोराने सुरुवात करावी ती इथून, मिरवणुकीतल्या मिक्सवरून नाही.

आणि 'तोच ठोका' ही तक्रार तर ब्रिटिश सरकारनेही केली, तीही कायद्यात. १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टने उघड्यावरच्या रेव्ह पार्ट्यांवर पोलिसांना अधिकार दिले आणि त्यात संगीताची व्याख्या करताना 'एकापाठोपाठ एक येणारे तेच ते ठोके' अशा अर्थाचे शब्द घातले. ऑटेकर या जोडीने उत्तरादाखल 'फ्लटर' नावाचा ट्रॅक केला, ज्यात ठेक्याचं एकही आवर्तन दुसऱ्यासारखं नाही. हा खोडसाळपणा मला फार आवडला, ट्रॅकपेक्षा जरा जास्तच.

पण वॉर्पच्या त्या संकलनाच्याही दहा वर्षं आधीची एक तबकडी मुंबईची आहे. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या ठेक्याच्या आणि टीबी-३०३ या बेसच्या मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले, एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, आणि ती फारशी कोणी घेतलीच नाही. ते ३०३ खरं तर गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून बनवलेलं, खपलं नाही म्हणून १९८४ मध्ये कंपनीने बंदही केलं, आणि सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळायला लागल्यावर शिकागोच्या पोरांनी त्याची बटणं पिरगाळून १९८७ मध्ये ॲसिड हाउस काढलं. सिंग यांची तबकडी त्याच्या पाच वर्षं आधीची, ऐकायला थेट तसलीच. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा कुठे जगाने कान टवकारले, २०१५ मध्ये ते गेले.

त्यातला यमन मी बाबांना लावून दाखवला. दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, राग बरोबर आहे, पण त्या तबलजीला कोणीतरी पाणी द्या रे.