माल कसा आहे, आणि माल कुठला आहे

शिरोलीच्या फौंड्रीतून निघणाऱ्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. वर्षभराने पार्टला तडा गेला तरी रस कोणत्या दिवशी, कोणत्या भट्टीतून ओतला हे त्यावरून काढता येतं. दर्जाची ही भाषा कोल्हापूरच्या कारखानदाराच्या अंगवळणी पडली आहे. आयएसओ ९००० मानकं तर १९८७ सालची. पण आता गिऱ्हाइकाकडून एक निराळीच एक्सेल शीट येते: तुमच्या मालात कथील, टँटलम, टंगस्टन, सोनं आहे का, आणि असलं तर ते कोणत्या स्मेल्टरमध्ये, म्हणजे खनिजातून धातू काढणाऱ्या भट्टीत, गाळलेलं? साधा कास्टिंगवाला 'नाही' लिहून मोकळा होतो. (लेथवरच्या कार्बाइड टिपेत टंगस्टन असतंच, पण ती टिप मालाबरोबर जात नाही.) सर्किट बोर्ड जुळवणारा मात्र अडकतो. बोर्डावरचे भाग जोडणारं सोल्डर म्हणजे मुख्यतः कथीलच.

पूर्वी ते इतकं नव्हतं. जुन्या सोल्डरमध्ये ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं. युरोपने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंतून शिसं हद्दपार केलं आणि सर्रास वापरात आलेल्या नव्या सोल्डरमध्ये कथील ९६.५ टक्क्यांवर गेलं. १८३ अंशांना वितळणाऱ्या जोडाच्या जागी २१७ अंशांच्या पुढचा जोड आला. शिवाय शिशाचा आवर गेल्यावर शुद्ध कथीलाच्या मुलाम्याला केसासारखे तंतू फुटून शॉर्ट होण्याचं दुखणं वाढलं. विषारी शिसं गेलं ते चांगलंच झालं, पण कथीलाची भूक वाढली. आणि कथीलाच्या काही खाणी पूर्व काँगोत आहेत.

या एक्सेल शीटची खरी ठिणगी तिथेच पडली. १९९८ ते २००३ च्या युद्धात सशस्त्र टोळ्या आणि शेजारी देशांच्या फौजा खाणींवर बसल्या. २००० च्या अखेरीस टँटलमचे भाव कडाडले, कारण मोबाइलमधले छोटे कपॅसिटर. टँटलम ज्यातून निघतं त्या कोल्टनच्या लुटीचा अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी एप्रिल २००१ मध्ये दिला. जुलै २०१० मध्ये अमेरिकेने डॉड-फ्रँक या वित्तीय सुधारणा कायद्यात कलम १५०२ घातलं: तिथल्या शेअर बाजारावरच्या कंपन्यांनी काँगो आणि त्याच्या नऊ शेजाऱ्यांकडून येणाऱ्या या चार धातूंचा हिशोब द्यायचा.

परिणाम सरळ झाला नाही. अनेक खरेदीदारांनी काँगोचा मालच टाळला, आणि फावड्याने खणणाऱ्यांची रोजी बुडाली. २०११ मध्ये ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेने दिलेला सल्ला मला जास्त शहाणपणाचा वाटतो: पळ काढू नका, साखळी तपासा. याच चार धातूंबद्दलचा युरोपचा नियम आयातदारांना १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला.

पण तपासायचं कुठे? गुजरीतला, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातला, कारागीर लगेच सांगेल: जुन्या दागिन्यांची मोड एकदा आटवली की कुठली पाटली, कुठली अंगठी ते ओळखू येत नाही. २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यावर एचयूआयडी हा हॉलमार्कचा क्रमांक येतो. त्यावरून शुद्धता कळते, खाण नाही. म्हणून सगळा जोर स्मेल्टरवर, कारण खाणी असंख्य, मोबाइल असंख्य, मधल्या भट्ट्या मोजक्या. भट्टीत पडण्याआधीच्या पोत्यांना खाणीवर टॅग लावायची पद्धत २०१०-११ च्या सुमारास सुरू झाली. तस्करीचा मालही टॅग लावून बाहेर जातो, हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीच पुढे नोंदवलं. एप्रिल २०२४ मध्ये पूर्व काँगोतल्या रुबायाच्या कोल्टन खाणी एम२३ या बंडखोर गटाच्या हाती गेल्या.